प्रकाशाला कर्करोग दिसत नाही

दर काही महिन्यांनी एक बातमी फिरू लागते: सुई नको, चिरा नको, नुसता प्रकाश टाकला की कर्करोग कळणार. ऊतींमधून परतणारा प्रकाश मोजणे हेच माझे काम असल्यामुळे ती ओळखीच्यांकडून माझ्यापर्यंत हमखास पोहोचते आणि सोबत ‘हे खरे आहे का?’ हा प्रश्नही येतो. बातमीत खोटे सहसा काही नसते. फक्त मथळ्यातून एक पायरी गाळलेली असते आणि सगळा घोळ त्या पायरीतच आहे. प्रकाशाला कर्करोग दिसत नाही. त्याला दिसते ते रक्त, पेशीच्या केंद्रकाचा आकार, ऊतीला आधार देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तंतूंची वीण आणि पेशीच्या श्वसनात भाग घेणाऱ्या काही रेणूंची मात्रा. कर्करोगाच्या वाटेवर या राशी बदलतात हे खरे, पण तोंड आले, जखम भरत असली किंवा नुसती जळजळ झाली तरी त्या बदलतात. प्रकाशीय बायोमार्कर म्हणजे अशी एखादी मोजता येणारी राशी, आणि तिचे मोल ती कोणाच्या अंगावर, कोणत्या जागी आणि कोणत्या प्रश्नाच्या उत्तरासाठी मोजली जाते यावर ठरते.

हा विषय लेसर आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा म्हणून ओळखला जात असला, तरी त्यातले सर्वांत यशस्वी उदाहरण फार साधे आहे. हिन्सेलमान या जर्मन डॉक्टरांनी १९२५ मध्ये गर्भाशयमुख भिंगातून पाहण्याचे उपकरण बनवले, आणि त्या तपासणीत सौम्य ॲसिटिक आम्ल लावून पाहण्याची पद्धत पुढे रूढ झाली. तीन ते पाच टक्क्यांचे आम्ल लावून मिनिटभर थांबायचे. निरोगी श्लेष्मल त्वचा गुलाबीच राहते. जिथे पेशींची केंद्रके मोठी झालेली आहेत आणि दाटीने बसलेली आहेत, तिथे पांढरा, कडा स्पष्ट असलेला डाग उमटतो आणि काही मिनिटांत विरूनही जातो. आम्लामुळे प्रथिने तात्पुरती साकळतात, दाट केंद्रकांवरून प्रकाशाचे विकिरण वाढते, खालच्या रक्ताचा लाल रंग वर पोहोचत नाही आणि जागा पांढरी दिसते. प्रकाशीय बायोमार्करची व्याख्या इथे पूर्ण होते. प्रकाश तरंगलांबीनुसार मोजणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरच्या जागी डोळा असतो, एवढाच फरक. मुंबईतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. मात्र जंतुसंसर्गाने सुजलेली जागा आणि वयानुसार नैसर्गिकपणे बदलत असलेला पेशींचा थरही पांढरा पडू शकतो. पांढरा रंग केंद्रकांच्या दाटीची खबर देतो. दाटी कशामुळे झाली याबद्दल तो गप्प असतो. पुढच्या प्रत्येक तंत्राची अडचण मुळात हीच आहे.

रक्तापासून सुरुवात करणे सोयीचे. पांढऱ्या प्रकाशाचा बारीक फायबर गालाच्या आतल्या बाजूला टेकवला आणि परतलेला प्रकाश तरंगलांबीनुसार मांडला, तर पडद्यावर उमटणाऱ्या रेषेत ४१५ नॅनोमीटरच्या आसपास एक खोल दरी दिसते आणि ५४२ व ५७७ नॅनोमीटरवर दोन लहान, शेजारी-शेजारी खळगे. ही प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनची सही. प्राणवायू सोडून दिलेल्या हिमोग्लोबिनमध्ये हे दोन खळगे मिटतात आणि त्यांच्या मध्ये, ५५५ च्या जवळपास, एकच पसरट खळगा उरतो. दोन्ही आकारांचे प्रमाण काढले की त्या जागी रक्त किती आणि त्यात प्राणवायू किती, हे दोन्ही कळते. वाढणारी गाठ स्वतःसाठी नवीन रक्तवाहिन्या ओढून घेते, त्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात आणि गाठीच्या पेशी प्राणवायू भराभर खर्चही करतात, म्हणून या दोन आकड्यांना महत्त्व.

आता तोच फायबर बोटाने किंचित दाबावा. दोन्ही खळगे डोळ्यांदेखत उथळ होत जातात, कारण दाबाने केशवाहिन्यांमधले रक्त बाजूला सरते. ऊतीत काहीही बदललेले नसते. बदलतो तो फक्त हाताचा दाब. शोधनिबंधात दोन गटांमधला रक्ताच्या प्रमाणातला फरक वाचला की दाब कसा स्थिर ठेवला होता, हे मी आधी शोधतो. ते लिहिलेले नसेल तर उरलेला निबंध जरा सावधपणेच वाचावा लागतो.

सहाशे नॅनोमीटरच्या पुढे हिमोग्लोबिनचे शोषण एकदम घसरते, आणि ६५० ते ९०० नॅनोमीटरच्या पट्ट्यात प्रकाश ऊतीत काही सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो. टॉर्चवर बोट धरले की ते लाल उजळते ते यामुळेच. मॅक्स कटलर यांनी १९२९ मध्येच स्तनातून तीव्र प्रकाश आरपार पाठवून गाठींच्या सावल्या पाहिल्या होत्या. अडचण अशी की इतक्या खोलीवर प्रकाश असंख्य वेळा दिशा बदलतो, त्यामुळे चित्र धूसर होते आणि लहान गाठ त्या धुक्यात हरवते. आजची उपकरणे त्या धूसर प्रकाशातूनही हिमोग्लोबिन, पाणी आणि चरबी यांची मात्रा बरीच नेमकी काढतात, परंतु माझ्या मते त्यांचा खरा उपयोग गाठ शोधण्यात नसून, आधीच माहीत असलेली गाठ केमोथेरपीला दाद देते आहे की नाही हे पाहण्यात आहे. लवकर निदानाच्या बातम्यांमध्ये त्यांना ओढून आणणे त्यांच्यावरही अन्यायच आहे.

लवकर निदानासाठी खोलवर जाण्यापेक्षा उथळ राहणे जास्त उपयोगी, कारण बहुतेक कर्करोग अभिस्तर ऊतीत, म्हणजे अवयवाच्या अगदी वरच्या अस्तरात जन्म घेतात आणि हे अस्तर पुष्कळ ठिकाणी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही पातळ असते. इथे केंद्रकाचा आकार मोजता येतो. निरोगी अभिस्तर पेशीचे केंद्रक साधारण ५ ते १० मायक्रोमीटरचे असते. कर्करोगपूर्व अवस्थेत ते २० मायक्रोमीटरपर्यंत फुगू शकते. केंद्रकावरून मागे वळणाऱ्या प्रकाशाची तीव्रता तरंगलांबीनुसार बारीक हेलकावे खाते आणि त्या हेलकाव्यांच्या लयीवरून केंद्रकाचा आकार गणिताने काढता येतो. मात्र असा एकदाच वळलेला प्रकाश परतलेल्या एकूण प्रकाशात काही टक्केच असतो. बाकीचा सगळा खालच्या थरांमध्ये भटकून आलेला असतो. भटकलेला प्रकाश आपले ध्रुवीकरण, म्हणजे कंपनाची ठरावीक दिशा, विसरतो आणि एकदाच वळलेला प्रकाश ते जपून ठेवतो, या फरकाच्या आधारे दोघांना वेगळे काढता येते. या क्षेत्रातल्या मला सर्वांत देखण्या वाटणाऱ्या युक्त्यांपैकी ही एक आहे. ऊतीच्या उभ्या छेदाचे चित्र देणारी, १९९१ मध्ये पुढे आलेली ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी याच उथळ प्रदेशात काम करते, पण ती एक-दोन मिलिमीटरपर्यंतची रचना दाखवते आणि तिची कहाणी स्वतंत्र लेखाची आहे.

फ्लुरोसन्स, म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश सोडणे, हा तिसरा मार्ग. पेशींमध्ये असा प्रकाश देणारे रेणू मुळातच असतात, बाहेरून रंग घालावा लागत नाही. तंतुकणिकांमधील एनएडीएच हा रेणू ३४० नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशात ४५० च्या आसपास निळसर उजळतो. एफएडी हा त्याचा जोडीदार निळ्या प्रकाशात ५३० च्या आसपास हिरवट. ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले होते की गाठीच्या पेशी प्राणवायू असतानाही साखर किण्वनाच्या वाटेने जाळतात. या दोन रेणूंच्या उजेडाचे गुणोत्तर त्याच चयापचयाकडे बोट दाखवते, आणि ते मापन शास्त्र म्हणून उभे करण्याचे श्रेय प्रामुख्याने ब्रिटन चान्स यांना जाते.

प्रत्यक्ष वापरात मात्र चयापचयाइतकाच किंवा त्याहून अधिक वाटा कोलॅजेनचा असतो. तोंड तपासण्यासाठी निळ्या प्रकाशाची हातात धरायची उपकरणे गेली जवळपास दोन दशके दंतवैद्यांकडे आहेत. खोलीतला दिवा बंद करून गाळणीतून पाहिले की निरोगी श्लेष्मल त्वचा फिक्या हिरव्या रंगाने उजळलेली दिसते. कर्करोगपूर्व जागी अस्तर जाड होते, खालच्या कोलॅजेनची वीण मोडते आणि रक्त वाढते. तिन्ही कारणांनी हिरवा उजेड मंदावतो आणि तिथे काळपट डाग दिसतो. जिभेच्या मागच्या भागावर कधी केशरी-लाल उजेडही दिसतो, तो तिथल्या जिवाणूंनी बनवलेल्या पॉर्फिरिन या रंगद्रव्याचा असतो आणि नवशिक्याला हमखास दचकवतो. कवळी घासून लाल झालेली जागाही काळपट दिसते. ती ओळखण्यासाठी जाणकार तपासनीस काचेच्या किंवा आरशाच्या सपाट बाजूने डाग हलके दाबतात: रक्त सरून हिरवा उजेड परतला तर बहुधा साधी सूज, नाही परतला तर काळजी करण्याजोगे. फायबरच्या मापनात गोंधळ घालणारा दाब इथे तपासणीचे साधन होतो. उपकरणाच्या माहितीपत्रकात ही कृती ठळकपणे छापली, तर कित्येकांच्या अनावश्यक बायोप्सी वाचतील असे मला वाटते.

रामन विकिरणाबद्दल लिहिताना हात थोडा आखडता घ्यावा लागतो, कारण ते माझे आवडते तंत्र आहे आणि आवडीच्या तंत्राबद्दल माणूस जास्तच उदार होतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ मध्ये दाखवलेल्या या परिणामात प्रकाशाचा कण रेणूच्या कंपनाशी ऊर्जेची देवाणघेवाण करून किंचित वेगळ्या रंगाने बाहेर पडतो. प्रत्येक बंधाचे कंपन वेगळे, म्हणून वर्णपटात, म्हणजे प्रकाशाच्या रंगवार आलेखात, फेनिलॲलनीन या ॲमिनो आम्लाची टोकदार रेषा १००४ प्रतिसेंटिमीटरवर (रंग किती सरकला ते मोजण्याचे हे एकक), प्रथिनांच्या ॲमाइड बंधाचा पसरट उंचवटा १६५५ च्या आसपास, मेदाची खूण १४५० जवळ अशी रेणूंची हजेरीच लागते. रक्त किंवा केंद्रकाच्या आकाराहून ही माहिती कितीतरी नेमकी. पण दर कोटी कणांमागे एखाद-दुसराच असा बाहेर पडतो आणि ऊतीचा स्वतःचा फ्लुरोसन्स त्याला सहज बुडवतो. तो टाळण्यासाठी लेसर ७८५ नॅनोमीटरसारख्या तांबड्यापलीकडच्या रंगाचा घेतात आणि मापनाला काही सेकंद देतात. तोंडात किंवा त्वचेवर हे शक्य आहे. मोठ्या पृष्ठभागावर बिंदूबिंदूने फिरणे शक्य नाही. म्हणजे कुठे पाहायचे हे आधी दुसऱ्या कशाने तरी सांगावे लागते.

इथपर्यंत भौतिकशास्त्र आहे आणि ते बऱ्यापैकी पक्के आहे. खरी परीक्षा दवाखान्यात सुरू होते. त्वचेच्या मेलॅनोमा या कर्करोगासाठी बनवलेले मेलाफाइंड हे उपकरण ४३० ते ९५० नॅनोमीटरमधल्या दहा पट्ट्यांमध्ये डागाची चित्रे घेत असे. त्याच्या मोठ्या चाचणीत मेलॅनोमा पकडण्याची संवेदनशीलता ९८ टक्क्यांच्या वर निघाली आणि २०११ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यताही मिळाली. विशिष्टता मात्र जेमतेम १० टक्के होती, म्हणजे चाचणीतल्या निरुपद्रवी डागांपैकी दहातल्या नऊंसाठीही उपकरण ‘बायोप्सी करा’ असेच म्हणत होते. त्याच चाचणीतल्या त्वचातज्ज्ञांची विशिष्टता ४ टक्क्यांच्या आसपासच होती, म्हणून कागदावर उपकरण सरस ठरले; पण जवळपास प्रत्येकाला ‘हो’ म्हणणाऱ्या यंत्रासाठी डॉक्टरांनी वेळ का घालवावा, या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही आणि काही वर्षांत ते बाजारातून गेले. जानेवारी २०२४ मध्ये मान्यता मिळालेले डर्मासेन्सर हे छोटे उपकरण प्रकाशाच्या विकिरणाचा वर्णपट मोजते. त्याच्या चाचणीत संवेदनशीलता ९६ टक्के आणि विशिष्टता २१ टक्क्यांच्या आसपास आहे.

हे आकडे पाहून कोणी नाक मुरडेल, पण इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. हे दुसरे उपकरण सरसकट सर्वांवर फिरवण्यासाठी नाही. चाळिशीच्या पुढच्या रुग्णाच्या अंगावरचा एखादा डाग डॉक्टरांना आधीच संशयास्पद वाटला असेल, तर त्याला त्वचातज्ज्ञाकडे पाठवायचे का, एवढाच प्रश्न त्याला विचारायचा असतो. त्या प्रश्नासाठी ‘नाही’ हे उत्तर विश्वासार्ह असणे सर्वांत महत्त्वाचे, आणि ते बऱ्यापैकी आहे. तेच उपकरण चाळणी तपासणीसाठी मैदानात उतरवले तर काय होईल, हे साध्या हिशेबाने कळते. समजा एखादी तपासणी याहून कितीतरी चांगली आहे, संवेदनशीलता ९० टक्के आणि विशिष्टताही ९० टक्के. ती १०,००० जणांवर केली आणि त्यांत ५० जणांना खरोखर रोग आहे. ती ४५ जणांना पकडेल, पाच सुटतील, आणि उरलेल्या ९,९५० निरोगी माणसांपैकी ९९५ जणांना ‘संशयित’ ठरवेल. संशयित ठरलेल्या १,०४० जणांमध्ये खरे रुग्ण शंभरामागे चार. प्रयोगशाळेत ९० टक्क्यांचा आकडा अभिमानाने मिरवणाऱ्या तंत्राची रस्त्यावरची किंमत अशी उतरते, आणि यात तंत्राचा दोष नसून रोगाच्या विरळपणाचा आहे.

शिवाय प्रयोगशाळेतला तो ९० चा आकडा येतो कसा, हेही पाहिले पाहिजे. पुष्कळ प्राथमिक अभ्यासांत एका बाजूला वाढलेला कर्करोग असलेले रुग्ण असतात आणि दुसऱ्या बाजूला ठणठणीत स्वयंसेवक. या दोघांना वेगळे करायला प्रकाश लागत नाही. खरी तुलना प्रारंभिक बदल आणि सूज, प्रारंभिक बदल आणि भरत असलेली जखम यांच्यात हवी, कारण दवाखान्यात नेमकी तीच गल्लत होते. दुसरी खोट जास्त लपलेली असते. एका रुग्णाचे वीस वर्णपट घेतले, त्यांतले पंधरा संगणकाला शिकवायला दिले आणि पाच परीक्षेसाठी ठेवले, तर संगणक रोग ओळखायला शिकला की त्या माणसाला ओळखायला, हे सांगता येत नाही. विभागणी वर्णपटांची नव्हे, माणसांची व्हायला हवी. मग ज्याच्याशी ताडून पाहायचे ती बायोप्सीही निखळ सत्य नसते: डिस्प्लेशिया, म्हणजे पेशींमधला कर्करोगपूर्व बदल, सौम्य की मध्यम यावर अनुभवी पॅथॉलॉजिस्टांमध्येही मतभेद होतात, आणि फायबरने मोजलेला मिलिमीटरभराचा ठिपका व नंतर कापलेला तुकडा नेमका एकच होता याची खात्रीही दर वेळी देता येत नाही.

त्वचेच्या रंगाचा मुद्दा अनेकदा शेवटच्या परिच्छेदात उरकला जातो. खरे तर तो रचनेच्या पहिल्या बैठकीतच यायला हवा. मेलॅनिन दृश्य प्रकाश भरपूर शोषते, आणि तेही निळ्या बाजूला अधिक. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर हे जगातले सर्वाधिक वापरले जाणारे प्रकाशीय बायोमार्करचे उपकरण म्हणता येईल. तरीही २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात असे दिसले की रक्तातला प्राणवायू घातक पातळीवर उतरलेला असूनही तो उपकरणाच्या नजरेतून सुटण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गौरवर्णीयांच्या सुमारे तिप्पट होते. इतकी वर्षे रुळलेल्या उपकरणाची ही गत असेल, तर प्रामुख्याने गोऱ्या त्वचेवर जोखलेल्या नव्या उपकरणाचा आकडा सर्वांना लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. तोंड, गर्भाशयमुख आणि अन्ननलिका इथे मेलॅनिन सहसा कमी असते, हे या जागांवर काम करण्याचे एक व्यावहारिक कारण आहे.

आणि लवकर सापडणे नेहमीच हिताचे असते, हेही खरे नाही. दक्षिण कोरियात मानेची सोनोग्राफी सर्रास होऊ लागल्यावर २०११ मध्ये थायरॉइड कर्करोगाचे निदान १९९३ च्या पंधरा पट झाले, मृत्यूंची संख्या मात्र जागची हलली नाही. कित्येकांच्या ग्रंथी उगाच निघाल्या. तोंडातले बहुतेक पांढरे चट्टेही कधीच कर्करोगात बदलत नाहीत. म्हणून ‘इथे बदल आहे’ एवढे सांगणाऱ्या खुणेपेक्षा ‘हा बदल पुढे सरकणार आहे’ असे सांगणारी खूण शोधणे कितीतरी अवघड आणि कितीतरी मोलाचे.

या दिशेने मला सर्वांत आशादायक वाटणारी कल्पना १९५३ मधली आहे. स्लॉटर आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगाच्या ७८३ रुग्णांचा अभ्यास करून दाखवले की गाठीच्या आजूबाजूची, वरवर निरोगी दिसणारी श्लेष्मल त्वचाही बदललेली असते. म्हणजे तंबाखूसारख्या कारणाने सगळे शेतच नासते आणि गाठ त्यातल्या एका जागी उगवते. हे खरे असेल तर गाठ शोधण्याची गरजच उरत नाही, शेताच्या सोयीच्या कोपऱ्यातून नमुना घेता येतो. वदिम बॅकमन यांच्या गटाने फुप्फुसाच्या कर्करोगासाठी गालाच्या आतून ब्रशने हलकेच काढलेल्या पेशी तपासल्या. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पेशी अगदी सामान्य दिसतात. पण केंद्रकातले क्रोमॅटिन, म्हणजे डीएनए आणि प्रथिने यांचे जाळे, दृश्य प्रकाशाच्या विभेदनक्षमतेखालच्या, म्हणजे २०० नॅनोमीटरहून बारीक पातळीवर कसे गुंतलेले आहे याचा ठसा परतणाऱ्या प्रकाशाच्या वर्णपटात उतरतो. चित्र दिसत नाही, पण अस्ताव्यस्तपणाचा आकडा मिळतो. यातला धोकाही उघड आहे: धूम्रपान गालाच्या पेशींना स्वतःच बदलते. म्हणून तुलना निर्व्यसनी माणसाशी करून भागत नाही. तितकीच वर्षे, तितकेच धूम्रपान करूनही ज्याला कर्करोग झालेला नाही त्याच्याशीच ती व्हायला हवी. शिवाय असा आकडा अंतिम निकाल म्हणून नव्हे, तर कोणाला सीटी स्कॅनसाठी पाठवायचे हे ठरवण्यापुरताच वापरावा.

दुसरी वाट म्हणजे माणसाची तुलना इतरांशी न करता त्याच्याशीच करणे. दोन निरोगी माणसांच्या गालातल्या रक्ताच्या प्रमाणात इतका फरक असतो की प्रारंभिक बदल त्यात झाकून जातो. पण त्याच माणसाचे त्याच जागचे मागच्या वर्षीचे मापन हाताशी असेल तर तोच बदल उठून दिसू शकतो. यासाठी उपकरण मात्र वर्षानुवर्षे तेच बोलले पाहिजे, आणि तसे ते बोलत नाही. दिव्याचा वर्णपट वयाबरोबर सरकतो, फायबरचे टोक घासले जाते, संदर्भासाठी वापरायची पांढरी टाइल हाताळून मळते, उपकरण जोखण्यासाठी मेदाच्या पायसापासून, म्हणजे दुधासारख्या मिश्रणापासून, बनवलेला कृत्रिम ऊतीचा द्रव काही दिवसांत खराब होतो. सिलिकॉनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड मिसळून बनवलेले घन ठोकळे बराच काळ टिकतात आणि रोज सकाळी पहिले मापन त्यांच्यावर करून आकडा वहीत नोंदवता येतो. नव्या उपकरणाबद्दल कोणी मत विचारले की कर्करोग पकडण्याच्या टक्केवारीआधी मी त्या ठोकळ्याचा गेल्या वर्षभराचा आलेख मागतो.